पाव्याचा मास्तर : एफ्राइम आमू

पश्चिम आफ्रिकेच्या संगीताविषयी आपल्याकडे जे थोडेफार वाचायला मिळते त्यात ढोलांचाच गजर फार. जणू त्या मुलखात सूर नाहीतच, नुसता ताल आहे! हा समज दूर करायचा तर घाना देशातल्या एका बांबूच्या पाव्याकडे आणि त्या पाव्याला शाळेत आणून बसवणाऱ्या एका मास्तरांकडे पाहावे लागेल. पाव्याचे नाव अटेंटेबेन. मास्तरांचे नाव एफ्राइम आमू (१८९९-१९९५). घानात आमूंची समूहगीते आजही गातात, आणि त्यांच्याविषयी बोलताना 'त्यांनी आपली परंपरा जतन केली' हे वाक्य ठरल्यासारखे येते. माझा आक्षेप या 'जतन' शब्दाला आहे. आमूंनी पावा होता तसा ठेवला नाही. त्यांनी तो बदलला, त्याची जागा बदलली, त्याचे श्रोते बदलले. त्यांनी काय बदलले आणि काय बदलायला ठाम नकार दिला, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्याखेरीज या माणसाची योग्यता कळणार नाही.

आधी वाद्य पाहू. आपली बासरी आडवी धरून फुंकायची असते. अटेंटेबेन उभा धरतात. त्याच्या तोंडाशी शिट्टीसारखी रचना असते, म्हणजे आपल्या अलगुजाचाच तो भाऊबंद. फुंक घातली की सूर निघतो, ओठ वळवण्याची वर्षानुवर्षांची साधना लागत नाही. वर्गात चाळीस मुले समोर असताना ही केवढी मोठी सोय आहे हे कोणताही शिक्षक सांगेल. हा पावा मूळचा आकान लोकांचा, त्यातही क्वाहू भागातला, आणि त्याचे जुने काम प्रामुख्याने अंत्ययात्रेत वाजण्याचे. त्याच लोकांत ओडुरुग्या नावाची दुसरी एक लांब बासरी आहे. ती वेतवर्गीय झाडाच्या सालीची, तोंडाशी खाच असलेली, आणि आशांती राजाच्या दरबारात मान असलेली. घटकाभर करमणूक करणे हे या वाद्यांचे काम नव्हते. एकाचे घर शोक, दुसरीचे घर राजसत्ता. त्यातले पहिले उचलून शाळेच्या बाकावर ठेवणे हे साधे काम नव्हे, हे ध्यानात असू द्यावे.

आमूंचा जन्म १३ सप्टेंबर १८९९ रोजी पेकी येथे झाला. पेकी हा एवे भाषिकांचा मुलूख, पण आकान मुलखाला लागून. १८३३ साली बंड करून स्वतंत्र होईपर्यंत तो आक्वामू या आकान राज्याच्या अमलाखाली होता. समुद्रकाठच्या दक्षिणेकडील एवे लोकांचे गाणे पाच स्वरांचे असते. उत्तरेकडच्या एवेंचे मात्र आकान शेजाऱ्यांप्रमाणे सात स्वरांचे, आणि एक गळा 'सा' वर असता दुसरा 'ग' वर अशा अंतराने जोडीने चालणारे. सीमेवरच्या गावांत हे असे व्हायचेच. दोन भाषांच्या जिल्ह्यांत नांदणाऱ्या आपल्या वाचकांना ते समजावून सांगायला नको. आपल्या बोलीतला कोणता शब्द कोणाकडून आला हे शोधू लागलो तर स्वयंपाकघराच्या फडताळापासूनच सुरुवात करावी लागेल! आमू एवे बोलत वाढले, आणि त्यांच्या गीतांचा पहिला मोठा संग्रह निघाला तो ट्वी या आकानांच्या भाषेत.

वडील लाकडावर कोरीव काम करणारे. पण मुलाला वेड लागले ते विलायती पेटीचे. पेकीच्या शाळेत एन्टेम नावाचे संगीतशिक्षक होते. प्रार्थनामंदिरात त्यांची पेटी ऐकून आमू भारावले. गुरुशिष्यांत करार असा झाला की मुलाने मास्तरांच्या शेतात राबायचे आणि मास्तरांनी त्याला पेटी शिकवायची. पुढे १९१६ मध्ये आबेटिफी येथील धर्मशिक्षण व अध्यापन विद्यालयात जाण्यासाठी हा मुलगा सामानाची पेटी डोक्यावर घेऊन इतरांबरोबर पायी निघाला. १९२० मध्ये पेकीच्याच शाळेत मास्तर झाला, आणि लवकरच घडीची एक हार्मोनियम विकत घेतली. ज्यांना पुढे बांबूच्या पाव्याचे कैवारी म्हणून मिरवले गेले, त्यांचे पहिले प्रेम हे होते. चरित्रलेखक ही हकीकत गोड किस्सा म्हणून सांगतात. मला ती त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली वाटते. आमूंच्या कानात पेटीचे सूर आधी पक्के बसले, पावा नंतर आला.

येथे थोडे मिशनांविषयी सांगायला हवे. पेकीला १८४७ मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेनचे मिशनरी पोचले. जवळच्या आकान मुलखात, आक्रोपाँग या गावी, स्वित्झर्लंडमधील बासेल मिशनचे ठाणे होते आणि तेथे १८४८ पासून अध्यापन विद्यालय चालू होते. बासेल मिशन म्हटल्यावर आपल्या भागातल्या जुन्या लोकांचे कान टवकारतील. होय, तेच हे मिशन. धारवाड, हुबळी, गदग-बेटगेरी आणि मंगळूर येथे ज्यांनी शाळा काढल्या, ज्यांच्या फर्डिनांड किटेल यांनी १८९४ मध्ये कन्नडचा थोर शब्दकोश सिद्ध केला, त्याच मिशनचे योहान ख्रिस्तालर हे ट्वी भाषेचे किटेल. त्यांनी १८७५ मध्ये ट्वीचे व्याकरण, १८७९ मध्ये सुमारे ३६०० म्हणींचा संग्रह आणि १८८१ मध्ये शब्दकोश प्रसिद्ध केला. परक्या माणसांनी एका भाषेची इतकी सेवा केली, हे कबूल केलेच पाहिजे.

पण नेमकी इथेच एक विसंगती आहे, आणि आमूंचे सारे काम त्या विसंगतीतून उगवले. ट्वी आणि एवे या दोन्ही भाषांत शब्दाचा अर्थ उच्चाराच्या उंचीवर ठरतो. आपल्याकडे 'दिन' आणि 'दीन' यांत ऱ्हस्वदीर्घाने अर्थ बदलतो. तिकडे स्वराच्या चढउताराने बदलतो. ट्वीतला 'पापा' हा शब्द घ्या. दोन्ही अक्षरे वरच्या सुरात म्हटली तर 'चांगले'. पहिले खाली व दुसरे वर म्हटले तर 'वडील'. दोन्ही खाली म्हटली तर 'पंखा'! आता अशा भाषेतले शब्द घेऊन ते जर्मन किंवा इंग्रजी स्तोत्राच्या ठरीव चालीत कोंबले तर काय होईल? चाल आपल्या नियमाने वर चढणार, शब्दाला खाली उतरायचे असणार. भाविकाने वडिलांना हाक मारावी आणि ऐकणाऱ्याला पंखा दिसावा, असा प्रकार. ख्रिस्तालर यांना हे चढउतार उत्तम ठाऊक होते, त्यांच्या व्याकरणात त्यांची नोंद आहे. तरीही रविवारी देवळात गायिली जात ती भाषांतरित स्तोत्रे परक्या चालींवरच. व्याकरणात जे ज्ञान होते ते गळ्यात उतरले नव्हते.

मराठी वाचकाला येथे रेव्हरंड ना. वा. टिळकांची आठवण व्हावी. इंग्रजी स्तोत्रांची ओढूनताणून केलेली भाषांतरे बाजूला सारून त्यांनी मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ओठी अभंग आणि ओवी दिली. 'अभंगांजली' हे त्याचेच फळ. टिळकांना वृत्ताची अडचण होती. आमूंना त्याहून बिकट अडचण होती, कारण तिथे चुकीच्या चालीने शब्दच मरत होता. शिवाय टिळकांच्या पाठीशी तुकोबांपासूनची लिखित परंपरा उभी होती. आमूंना कान लावावा लागला तो आसपासच्या गाणाऱ्या, वाजवणाऱ्या माणसांकडे.

१९२६ मध्ये ते आक्रोपाँगच्या अध्यापन विद्यालयात संगीताचे शिक्षक म्हणून आले. पहिल्या महायुद्धात बासेलच्या मंडळींना त्या वसाहतीतून घालवून दिले होते, आणि काम स्कॉटिश मिशनकडे गेले होते. आमूंनी तेथे दोन गोष्टी पक्क्या ठरवल्या. गाण्याची चाल बोलण्याच्या चढउतारावर उभी राहील, आणि ताल आपल्या ढोलाघंटांचा असेल. या नियमाचे एक परिणामकारक टोक आहे, ते लक्षात घेण्याजोगे आहे. स्तोत्राला चार-पाच कडवी असतात व चाल एकच. पण शब्द बदलले की चढउतार बदलतात. म्हणजे नियम काटेकोर पाळायचा तर प्रत्येक कडव्याला नवी चाल हवी. साध्या भाषाशुद्धीच्या आग्रहातून गीतरचनेचा सांगाडाच बदलतो तो असा. आमूंच्या उत्तम गीतांत सूर शब्दांमागून वळणे घेत चालतो, परत फिरून त्याच उंबऱ्यावर येण्याची घाई करीत नाही. जेथे त्यांनी कडव्यांची सोय पत्करली तेथे तडजोड आली, आणि ती कानाला कळते. १९३२ मध्ये त्यांच्या पंचवीस ट्वी गीतांचा संग्रह लंडनहून प्रसिद्ध झाला.

त्याच सुमारास कापडाचे प्रकरण घडले. १९३१ मध्ये एका रविवारी आमू कोटपाटलोण न घालता अंगावर देशी वस्त्र घेऊन व्यासपीठावर प्रवचनाला उभे राहिले. चर्चच्या वरिष्ठांना ते रुचले नाही. समज देण्यात आली, चर्चा झाल्या, आणि अखेर १९३३ मध्ये आमूंना आक्रोपाँग सोडावे लागले. हातमागाच्या कापडाचा आग्रह त्यांनी पुढे जन्मभर ठेवला. आपल्याकडे खादीने हेच काम त्याच वर्षांत केले. पण फरक असा की आमूंच्या मागे चळवळ नव्हती, हुकूम देणारा पुढारी नव्हता. एक मास्तर होता आणि त्याची नोकरी होती. ती गेली. ज्या संस्थेच्या पूर्वसूरींनी त्या लोकांच्या ३६०० म्हणी वेचून छापल्या, त्या संस्थेला त्या लोकांचे कापड मात्र व्यासपीठावर चालले नाही. भाषेचा शब्दकोश करणे आणि भाषेच्या माणसाला आपल्या बरोबरीने उभे राहू देणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढे १९३४ मध्ये आक्राजवळच्या आचिमोटा येथील प्रसिद्ध विद्यालयात ते रुजू झाले. या शाळेचे बोधचिन्ह मोठे बोलके आहे. पियानोच्या काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या! संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, जेम्स आग्रे, यांची शिकवण अशी की नुसत्या काळ्या किंवा नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर काही एक सूर काढता येतो, पण खरा मेळ साधायला दोन्ही हव्यात. विचार उदात्त आहे. माझ्यासारख्या चिकित्सक माणसाच्या मनात मात्र एक शंका येते. काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या एकत्र वाजल्या तरी पियानो कोणाचा?

हा प्रश्न आमूंच्या पाव्याला थेट लागू पडतो. आमूंनी अटेंटेबेनची छिद्रे अशी बसवून घेतली की त्यातून पाश्चात्त्य सप्तक अचूक निघावे, पुढे कोमल-तीव्र स्वरही मिळावेत. आजचा प्रचलित पावा ठरावीक पट्टीत बांधलेला असतो, बहुधा ज्याला पाश्चात्त्य 'बी फ्लॅट' म्हणतात त्या, आणि त्याची धाव दोन सप्तकांची. त्यामुळे एकाच शाळेतले वीस पावे एकत्र वाजू शकले. स्वरलिपी वाचून मुले शिकू लागली. पेटीबरोबर, गायकवृंदाबरोबर पावा बसू लागला. एका प्रांतातल्या अंत्ययात्रेचे वाद्य सबंध देशाच्या शाळांचे झाले. हा लाभ कमी लेखण्यासारखा नाही.

तोटाही तितकाच खरा आहे. हाताने कोरलेल्या पाव्याची सुरावट कारागिराच्या कानाप्रमाणे, गावाच्या गळ्याप्रमाणे थोडी वेगळी असते. ते वेगळेपण या मापात मावत नाही. आपल्याकडे हार्मोनियमवरून झालेला वाद आठवा. गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या हातात तीच पेटी रडली-हसली, मराठी रंगभूमी तिच्याशिवाय उभी राहिली नसती. आणि तरी आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके तिला दाराबाहेर ठेवले, का, तर तिच्या ठोकळेबाज पट्ट्यांत आपल्या श्रुती बसत नाहीत. त्याच काळात पन्नालाल घोष यांनी बासरी लांब केली, जाड केली, पण ती रागाच्या विस्तारासाठी. आमूंनी पावा बदलला तो पियानोशी जुळण्यासाठी. दोघेही सुधारकच, पण एकाने वाद्याला आपल्या संगीताच्या मापाने वाढवले आणि दुसऱ्याने परक्या मापाने बेतले. घानातच जन्मलेले संगीतशास्त्रज्ञ कोफी अगावू यांनी तर स्तोत्रांबरोबर आलेली पाश्चात्त्य स्वररचना ही आफ्रिकेत वसाहत करणारी एक शक्तीच ठरली, असे मांडले आहे. त्या दृष्टीने पाहिले तर आमूंचा पावाही त्या शक्तीच्या छायेबाहेर नाही.

मग आमूंचा पक्ष कोणता? माझ्या मते असा : छिद्रे कोठे पाडायची याबाबत ते लवचीक राहिले, पण सूर कोणत्या दिशेने चालवायचा याबाबत त्यांनी तसूभरही माघार घेतली नाही. 'वडील' या शब्दाची चाल खालून वर जाईल, मग ती पेटीच्या सुरात असो की जुन्या गळ्याच्या सुरात. भाषा वाचली पाहिजे, हे त्यांचे पहिले कलम. स्वराची सूक्ष्म उंची हे त्यांच्या लेखी दुसरे. कोणाला ही निवड उलटी हवी होती असे वाटेल. पण शाळेत जिवंत भाषा बोलणारी मुले समोर बसलेली असताना मीही हीच केली असती.

१९३७ ते १९४० ही वर्षे त्यांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये काढली. तेथून परतल्यावरच्या गीतांत गळे एकामागून एक प्रवेश करतात, एकमेकांचे बोल उचलतात. विलायती शास्त्राचा हा उपयोग मला मान्य आहे, कारण आफ्रिकी गाण्यातल्या सवालजवाबाशी त्याचे नाते जुळते. उलट जेथे चारही गळे स्तोत्रासारखे एकदम, ठोकळ्याठोकळ्याने चालतात तेथे ताल बसून जातो. बोनविरे गावच्या केंटे विणकरांवरचे त्यांचे गीत घ्या. त्यात मागाच्या आवाजाची लय आहे, म्हणून ते हलते. ही जाण पाठ्यपुस्तकातून आलेली नाही.

पुढची कारकीर्द थोडक्यात सांगतो. आचिमोटानंतर कुमासी, १९६० च्या दशकात घाना विद्यापीठाची आफ्रिका-अध्ययन संस्था, १९६५ मध्ये त्याच विद्यापीठाची सन्माननीय डॉक्टरेट. क्वाबेना एन्केटिया (१९२१-२०१९) हे जगन्मान्य संगीतशास्त्रज्ञ आक्रोपाँगच्याच विद्यालयात, आमूंच्या गीतांच्या वातावरणात घडले. २ जानेवारी १९९५ रोजी आमू गेले. २००२ साली घानाने वीस हजार सेडीच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. २००७ मध्ये चलनाची फेररचना झाली आणि ती नोट गेली.

त्यांच्या निधनाच्याच वर्षी, १९९५ मध्ये, नाना डान्सो आबियाम यांच्या 'पॅन आफ्रिकन ऑर्केस्ट्रा'चे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले. त्यात अटेंटेबेनचा ताफा ठळकपणे वाजतो. ते ऐकताना आमूंच्या कामाचे दोन्ही पैलू कानाला लागतात. सगळे पावे एका पट्टीत नेटके वाजू शकतात हे आमूंचे देणे. पण तेथे ते गायकवृंदाची नक्कल करीत नाहीत. लहान लहान बोल पुन्हा पुन्हा फिरवत, एकमेकांत गुंतवत, ढोलांसारखे बांधत नेतात. पाव्याने पियानोचे माप घेतले खरे, पण पियानोची चाल घेतली नाही. डेला बोत्री यांच्यासारख्या नंतरच्या वादकांनी तर तो एकल वादनात आणून त्याच्यावर दोन सप्तकांची दौड करून दाखवली.

शेवटी एका गीताचा उल्लेख केलाच पाहिजे. १९२९ मध्ये आमूंनी मायभूमीवर रचलेले 'येन आरा आसासे नी' हे गीत घानात राष्ट्रगीताच्या खालोखाल मानले जाते. अधिकृत राष्ट्रगीताची चाल फिलिप बेहो यांची, पण सभासमारंभांत लोक मनापासून उठतात ते या गीताला. हे गीत एवेतही गातात, ट्वीतही गातात. आता आमूंचाच नियम लावून पाहा. चाल एक, भाषा दोन. एका भाषेच्या चढउतारावर बेतलेली चाल दुसऱ्या भाषेत जशीच्या तशी बसणे कठीण. आपल्या सर्वांत लोकप्रिय गीतात आमूंना आपलाच नियम सैल सोडावा लागला, आणि तो दोन्हीकडच्या लोकांनी एकत्र गावे म्हणून. टीकाकार याला दोष म्हणू शकेल. आमूंचा जन्म ज्या पेकीत झाला तेथल्या माणसाला तो दोष वाटेल असे मला वाटत नाही. हे गीत जेव्हा शब्दांवाचून नुसत्या अटेंटेबेनवर वाजते, तेव्हा ऐकणारा एवे आपले शब्द त्यावर ठेवतो आणि शेजारी उभा असलेला आकान आपले.